वाचकांचे प्रश्न : बिघडलेले अपडेट आणि हाताशी असलेला बॅकअप

या अंकासाठी निवडलेली पत्रे एकाच अडचणीभोवती फिरणारी आहेत : लिनक्सवर चालणारा संगणक अपडेटमुळे बिघडला किंवा बिघडेल अशी धास्ती आहे, बॅकअप कुठेतरी आहे, पण तो परत कसा घ्यावा याची खात्री नाही. उत्तरांतील आज्ञा आणि फायलींचे मार्ग येथे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करावेत.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव ‘कोहा’ या प्रणालीत नोंदवली जाते. संगणकावर उबंटू लिनक्स आहे. चतुर्थीच्या सुट्टीआधी मी अपडेट सुरू केले आणि ते चालू असतानाच वीज गेली. यूपीएसने थोडा वेळ तग धरला, मग संगणक बंद पडला. आता सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ आणि ‘अनेबल टु माउंट रूट एफएस’ अशा ओळी येतात आणि तो तिथेच थांबतो. टाइमशिफ्ट या प्रोग्रामने घेतलेला स्नॅपशॉट (प्रणालीची त्या दिवशीची प्रत) बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे, पण तो तीन आठवड्यांपूर्वीचा आहे. संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ म्हणतात की, तो स्नॅपशॉट ‘रिस्टोअर’ केला की अर्ध्या तासात काम होईल. तसे करावे का?
— एक ग्रंथपाल, फोंडा तालुका

उत्तर : कृपया अजून तसे करू नका. अर्ध्या तासात संगणक सुरू होईल हे त्या गृहस्थांचे म्हणणे खरे आहे आणि घरच्या साध्या संगणकासाठी त्यांचा सल्ला योग्यही ठरला असता. मात्र आपल्या बाबतीत प्रणालीबरोबर वाचनालयाच्या नोंदीही तीन आठवडे मागे जातील. त्या काळात कोणी कोणते पुस्तक नेले, कोणी परत केले, कोणी वर्गणी भरली, हे सारे पुसले जाईल.

असे का होते, हे समजून घ्यावे. टाइमशिफ्ट सहसा वापरकर्त्याच्या ‘होम’ फोल्डरला हात लावत नाही आणि बाकीची प्रणाली स्नॅपशॉटच्या दिवशी जशी होती तशी करून ठेवते. आपली कागदपत्रे होममध्ये असल्यामुळे ती सुरक्षित राहतात, असा विचार त्यामागे आहे. परंतु कोहाच्या नोंदी होममध्ये नसतात. त्या डेटाबेसमध्ये असतात आणि डेटाबेसच्या फायली ‘/व्हार/लिब/मायएसक्यूएल’ या फोल्डरमध्ये, म्हणजे प्रणालीच्याच हद्दीत असतात. एवढ्यावर भागत नाही. कोहा स्वतः रोज एक बॅकअप घेऊन ‘/व्हार/स्पूल/कोहा’ येथे ठेवते; ते फोल्डरही त्याच हद्दीत येते, त्यामुळे रिस्टोअर करताना नवे बॅकअप काढून टाकले जातात आणि त्यांच्या जागी तीन आठवड्यांपूर्वीचे येतात. ज्या फायलीने आपली सुटका व्हायची, तीच फाइल सुटकेच्या घाईत नाहीशी होते. शिवाय टाइमशिफ्ट डेटाबेस चालू असतानाच त्याच्या फायलींची प्रत काढत असल्यामुळे ती प्रत अर्धवट असण्याचा धोका राहतो आणि स्नॅपशॉटमधला जुना डेटाबेसही धडपणे उघडेलच, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नाही, नोंदी बाहेर काढण्याचे आहे.

आपण लिहिलेल्या ओळींवरून दोष बहुधा मर्यादित आहे. अपडेटमध्ये नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) बसला, परंतु त्याच्यासोबत लागणारी ‘इनिटरॅमएफएस’ नावाची फाइल तयार होण्याआधीच वीज गेली असावी. संगणक सुरू होताना डिस्कपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारे ड्रायव्हर त्या फायलीत असतात. ती नसली की कर्नलला डिस्क सापडत नाही आणि तो हात टेकतो. डिस्कवरचा मजकूर त्यामुळे नष्ट होत नाही. संगणक सुरू करताच एस्केप कळ (जुन्या बायोसच्या यंत्रांवर शिफ्ट) दाबल्यास ‘ग्रब’ या प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची यादी दिसेल. तीत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडून आधीच्या क्रमांकाचा कर्नल घ्यावा. उबंटू मागचा कर्नल सहसा ठेवून देतो आणि अशा प्रसंगी पुष्कळदा त्यानेच संगणक सुरू होतो.

सुरू झाला, तर ताबडतोब ‘सुडो कोहा-रन-बॅकअप्स’ ही आज्ञा (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) देऊन ताजा बॅकअप घ्यावा, ‘/व्हार/स्पूल/कोहा’ हे संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावे आणि मगच दुरुस्तीकडे वळावे. डेटाबेसचे पॅकेजही (सॉफ्टवेअरचा संच) अर्धवट बसले असेल, तर ही आज्ञा चालणार नाही. तेव्हा तिथे आधीपासून असलेल्या फायलीच उतरवून घ्याव्यात. त्यानंतर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ या आज्ञेने अर्धवट राहिलेली पॅकेजे पूर्ण होतात आणि ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ने उरलेसुरले जुळते. ‘/बूट’ फोल्डरमध्ये नव्या कर्नलच्या क्रमांकाची ‘इनिटआरडी’ने सुरू होणारी फाइल आहे का, ते डोळ्यांनी पाहावे, नसल्यास ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ असे लिहून त्यापुढे तो क्रमांक द्यावा आणि शेवटी ‘सुडो अपडेट-ग्रब’ करावे. ‘/बूट’चे पार्टिशन (डिस्कचा भाग) वेगळे असेल आणि ते भरलेले असेल, तर ही फाइल पुन्हा अर्धवटच राहील. त्यासाठी ‘डीएफ -एच’ने आधी जागा पाहून घ्यावी.

जुन्या कर्नलनेही संगणक सुरू झाला नाही, तर पेन ड्राइव्हवरून उबंटू ‘ट्राय’ पद्धतीने चालवावे. आतली डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडावी आणि ‘सुडो सीपी -ए’ वापरून चार गोष्टी बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात : ‘/व्हार/स्पूल/कोहा’, ‘/व्हार/लिब/मायएसक्यूएल’, ‘/ईटीसी/कोहा’ आणि होम. साध्या फाइल मॅनेजरने हे करू नये, कारण डेटाबेसचे फोल्डर सामान्य वापरकर्त्याला उघडत नाही आणि प्रत झाली असे वाटूनही ती रिकामी राहू शकते. ‘/व्हार/स्पूल/कोहा’मध्ये आपल्या वाचनालयाच्या नावाचे फोल्डर आणि त्यात त्या नावापुढे तारीख असलेल्या ‘एसक्यूएल डॉट जीझेड’ फायली दिसतील. कोहा त्या दोनच दिवस ठेवते आणि जुन्या काढून टाकते, त्यामुळे त्या लवकर उतरवलेल्या बऱ्या. सर्वांत अलीकडची फाइल शून्य आकाराची नाही ना, हेही पाहावे.

एवढे हाती आले, की आपल्या गृहस्थांना स्नॅपशॉट खुशाल रिस्टोअर करू द्यावा. प्रणाली तीन आठवडे मागे जाऊन सुरू होईल. मग तिच्यात ताज्या नोंदी भराव्यात. येथे एक मोह टाळावा लागतो. उतरवलेले ‘/व्हार/लिब/मायएसक्यूएल’ फोल्डर जसेच्या तसे परत ठेवणे सोपे वाटते, परंतु अपडेटमध्ये डेटाबेसची आवृत्ती बदलली असेल, तर नव्या आवृत्तीने एकदा हाताळलेल्या फायली जुन्या आवृत्तीला चालतीलच असे नाही. माय एसक्यूएल ८.० वरून ५.७ वर अशी उतरण निर्मात्यांनीच अमान्य केलेली आहे. ते फोल्डर अगदी शेवटचा उपाय म्हणून बाजूला असू द्यावे. एसक्यूएल फाइल ही मजकूर स्वरूपातली असल्यामुळे तिला ही अडचण नसते. ‘झेडकॅट’ने ती उघडून ‘सुडो कोहा-मायएसक्यूएल’ आणि पुढे आपल्या वाचनालयाचे नाव असलेल्या आज्ञेकडे पाठवली, की जुन्या सारण्या जाऊन नव्या भरल्या जातात. प्रणालीतील कोहाची आवृत्ती मात्र बॅकअप घेतला त्या वेळच्या आवृत्तीइतकी किंवा तिच्याहून नवी हवी. नवी असल्यास ‘कोहा-अपग्रेड-स्कीमा’ ही आज्ञा सारण्या तिच्या जोडीला आणून ठेवते.

यानंतर ग्रंथपाल हमखास घाबरतात असा एक प्रसंग येतो. सभासद दिसतात, देवघेव दिसते, पण गेल्या तीन आठवड्यांत दाखल केलेले पुस्तक शोधले तर सापडत नाही. पुस्तक हरवलेले नसते. शोधाची सूची वेगळ्या ठिकाणी असते आणि ती अजून जुनीच आहे. ‘सुडो कोहा-रीबिल्ड-झेब्रा -एफ’ या आज्ञेपुढे वाचनालयाचे नाव द्यावे. सूची नव्याने तयार होते.

रोजचा बॅकअप आणि वीज गेली ती वेळ यांमधल्या काही तासांच्या नोंदी तेवढ्या राहून जातील. त्या देवघेवीच्या वहीतून पुन्हा कराव्या लागतील. वही ठेवत नसल्यास पुढची पंधरवडाभर परत येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची नोंद नजरेखालून घालावी. कोहा ही १९९९ साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी लिहिली गेलेली आणि आज कोणालाही विनामूल्य वापरता येणारी प्रणाली आहे. आपल्या गावातल्या मराठी वाचनालयाने ती स्वीकारून चालवली, याचा मला मनापासून आनंद वाटतो, आणि म्हणूनच हे उत्तर इतके सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझा छपाई व डीटीपीचा व्यवसाय आहे. लिनक्स मिंटचा संपूर्ण बॅकअप मी एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पोर्टेबल डिस्कवर नियमाने घेत असे. अपडेटनंतर पडदा काळा राहू लागला, म्हणून पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून सर्व फायली परत जागेवर ठेवल्या. आता ‘सुडो’ चालत नाही, लॉगिनही होत नाही. फायली तर सगळ्या आहेत.
— एक मुद्रक, म्हापसा

उत्तर : फायली सगळ्या आहेत, परंतु त्यांचे मालक व परवानग्या गेल्या आहेत. लिनक्समध्ये प्रत्येक फाइल कोणाची, ती कोणी वाचावी, कोणी चालवावी, हे फायलीसोबत नोंदलेले असते. एक्सफॅटमध्ये ही नोंद ठेवण्याची सोयच नाही. ‘सुडो’चेच पाहा : त्या फायलीचा मालक रूट (प्रणालीचा सर्वाधिकारी वापरकर्ता) असावा लागतो आणि तिच्यावर ‘सेटयूआयडी’ ही विशेष खूण असावी लागते, यांपैकी काहीही नसले, तर तो काम करण्यास नकार देतो. अशा हजारो फायलींच्या परवानग्या हाताने दुरुस्त करण्याच्या भरीस पडू नये. एखादी चूक राहिली तर ती महिन्यांनंतर, ग्राहक दारात उभा असताना उघडकीस येईल.

मिंट नव्याने बसवणे हाच मार्ग आहे. बॅकअपमधून होममधला मजकूर तेवढा घ्यावा आणि ‘सुडो चोन -आर’ने (यातला ‘आर’ मात्र मोठ्या अक्षरात) त्याची मालकी आपल्या नावावर करावी. आपल्या व्यवसायात फाँट फार महत्त्वाचे असतात, म्हणून ते आठवणीने काढावेत : काही होममधल्या ‘.लोकल/शेअर/फाँट्स’ या लपलेल्या फोल्डरमध्ये, तर काही ‘/यूएसआर/लोकल/शेअर/फाँट्स’मध्ये असतील. ते परत ठेवल्यावर ‘एफसी-कॅश -एफ’ ही आज्ञा द्यावी. तोवर जुन्या जाहिरातींच्या आणि लग्नपत्रिकांच्या फायली उघडल्या, तर अक्षरे दुसऱ्याच वळणाची दिसतील आणि मजकूर चौकटीबाहेर जाईल. अशा अवस्थेत कोणतीही फाइल ‘सेव्ह’ करू नये. कोणती सॉफ्टवेअर बसवली होती हे आठवत नसल्यास बॅकअपमधल्या ‘/व्हार/लॉग/एपीटी’ या फोल्डरातील नोंदवह्या वाचाव्यात. त्यात अलीकडची प्रत्येक स्थापना तारखेसह लिहिलेली असते.

पुढच्या बॅकअपसाठी डिस्क ईएक्सटी-४ पद्धतीने फॉरमॅट करावी. ती विंडोजवरही लावायची असल्यामुळे एक्सफॅटच हवे असेल, तर संपूर्ण बॅकअप ‘टार’च्या एका फायलीत बांधून ठेवावा, म्हणजे मालकी व परवानग्या त्या फायलीच्या आत टिकतात. आणि काळ्या पडद्याबद्दल एवढेच, की अपडेटनंतर असे होण्यामागे अनेकदा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर असतो. पुन्हा झाल्यास बॅकअपकडे जाण्यापूर्वी ग्रबमधून मागचा कर्नल चालवून पाहावा.

प्रश्न : जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि आरसिंक या प्रती काढणाऱ्या प्रोग्रामने घेतलेला उबंटूचा पूर्ण बॅकअप तिच्यावर उतरवला. पेन ड्राइव्हवरून ग्रबही बसवले. संगणक दीड मिनिट थांबतो आणि मग ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जातो. बॅकअप खराब आहे का?
— एक विद्यार्थी, सांखळी

उत्तर : बॅकअप चांगला दिसतो. प्रत्येक पार्टिशनला ‘यूयूआयडी’ नावाचा स्वतःचा क्रमांक असतो आणि सुरू होताना कोणते पार्टिशन कुठे जोडायचे, हे ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फायलीत त्या क्रमांकांनी लिहिलेले असते. आपण फाइल जुनी आणली, पार्टिशन नवे केले. प्रणाली ९० सेकंद जुन्या पार्टिशनची वाट पाहते आणि मग थांबते. ‘सुडो बीएलकेआयडी’ने नवे क्रमांक पाहून ते एफएसटॅबमध्ये घालावेत, ईएफआय आणि स्वॅपच्या ओळी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात, त्या विसरू नयेत. त्यानंतर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ आणि ‘अपडेट-ग्रब’ करावे.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्स सुरू होईना. ‘शिम एसबॅट डेटा फेल्ड’ असा संदेश येतो. लिनक्सचा बॅकअप दोनदा परत घेतला, काही फरक नाही.
— एक वाचक, पणजी

उत्तर : ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर जगभर अनेकांना हाच अनुभव आला. जुने, असुरक्षित ठरलेले बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारे प्रोग्राम) चालू नयेत म्हणून त्या अपडेटने एक मनाई यादी पुढे सरकवली, आणि ती यादी डिस्कवर नसते, मदरबोर्डवरच्या यूईएफआय या मूळ प्रोग्रामच्या स्मृतीत असते. डिस्कवर कितीही वेळा बॅकअप उतरवला तरी ती तशीच राहते, उलट बॅकअप जितका जुना तितका बूटलोडर जुना. यूईएफआयच्या सेटिंगमध्ये सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे, लिनक्स सुरू करून सर्व अपडेट घ्यावेत, विशेषतः ‘शिम’ आणि ‘ग्रब’ या बूटलोडरांची, आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करावे. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर सेटिंग बदलण्यापूर्वी तिची रिकव्हरी की लिहून घ्यावी.

प्रश्न : मी शिक्षक आहे. धालो आणि फुगडीच्या गाण्यांची ध्वनिमुद्रणे मी गेली काही वर्षे गावोगाव फिरून जमवली आहेत. ती उबंटू २२.०४ असलेल्या संगणकावर आहेत आणि बॅकअप त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर आहे. २४.०४ वर जाण्याची सूचना सारखी येते. अपडेट बिघडले तर हा बॅकअप पुरेल ना?
— एक शिक्षक, पेडणे

उत्तर : अपडेट बिघडले तर पुरेल, डिस्क बिघडली तर दोन्ही एकदमच जाईल. ज्या बायकांनी ही गाणी म्हटली, त्यांतल्या काही आता हयात नसतील. अशा संग्रहाची एकुलती एक डिस्क ही काळजीची गोष्ट आहे, आणि अपडेटचा विचार करण्यापूर्वी ती काळजी मिटवावी. छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला नियम असा : मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे पणजीतल्या किंवा मडगावच्या नातेवाइकांचे घरही चालेल. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि अधूनमधून लावून पाहावी.

प्रत आरसिंकने काढताना ‘--डिलीट’ हा पर्याय ध्वनिमुद्रणांसाठी वापरू नये. मूळ संगणकावर चुकून पुसलेली फाइल त्यामुळे प्रतीतूनही पुसली जाते. एकदा ‘एसएचए२५६सम’ने सर्व फायलींच्या खुणा (प्रत्येक फायलीच्या मजकुरावरून निघणारी अक्षरांची ओळ) काढून ती यादी जपून ठेवावी, वर्षभराने प्रतींशी ताडून पाहिली, की एखादे ध्वनिमुद्रण गुपचूप खराब झाले असल्यास कळते.

२४.०४ वर जाण्याची घाई करण्याचे कारण नाही. दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात, म्हणजे २२.०४ ला ती २०२७ पर्यंत आहेत. पावसाचा जोर ओसरल्यावर, वीज स्थिर असताना आणि लॅपटॉप नसल्यास यूपीएसची बॅटरी तपासून हे काम करावे. या प्रकारच्या अपडेटमध्ये बाहेरून जोडलेली सॉफ्टवेअर-भांडारे बंद केली जातात, त्यांची यादी आधी करून ठेवावी.

तत्पूर्वी बॅकअप खरोखर परत घेऊन पाहावा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला, तेव्हा रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता असे आढळले : बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसहून जुन्या आवृत्तीचा होता, म्हणून तो अपयशी ठरे, आणि अपयश कळवणारे ई-मेल वाटेतच नाकारले जात. कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी सुमारे ६ तास आधी घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून कंपनी सावरली. निष्णात माणसांच्या ठिकाणी असे घडते, तर आपण तपासून पाहण्यात कमीपणा नाही. आपल्यासाठी तपासणी सोपी आहे : बाहेरची डिस्क दुसऱ्याच संगणकाला, शक्यतो शाळेतल्या, जोडावी, निरनिराळ्या वर्षांची चार-पाच ध्वनिमुद्रणे त्यावर उतरवावी आणि नुसती उघडतात का एवढे न पाहता प्रत्येक शेवटपर्यंत ऐकावे, कारण अर्धवट प्रत झालेली फाइल सुरुवातीला अगदी ठणठणीत वाजते.